युद्धानंतरची जर्मन पदकं: पाठीमागची पिन बघून साल सांगता येतं का?

गावकुसाबाहेर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. मी मूळची साताऱ्याची, गेली सहा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. इथे शनिवारी फ्लोमार्क्ट भरतो, म्हणजे आपला जुना बाजारच, फक्त घासाघीस जरा हळू आवाजात करायची. तिथे एक माणूस कुणाच्या तरी घराच्या आवराआवरीतलं सामान घेऊन बसला होता, त्याच्याकडून मी एक सिगारचा लाकडी डबा घेतला, ३५ युरोला. खरं सांगायचं तर डबाच आवडला होता. आत ही मंडळी निघाली:

एक आयर्न क्रॉस (जर्मन शौर्यपदक), पिनवाला. मधे स्वस्तिक नाही, ओकची तीन पानं आहेत, खाली १९३९ लिहिलंय. दुसरा काळा लंबगोल बॅज, त्यावर हेल्मेट आणि मागे दोन तलवारी. आणि एक छोटी रिबनची पट्टी, तिच्यावर मुगाएवढा क्रॉस.

विकणारा म्हणाला युद्धातलं आहे, बघा १९३९ लिहिलंय. पुढच्या गाळ्यावरचा म्हातारा हसला आणि म्हणाला "ते ५७ चं आहे, पाठ बघ". पाठ बघितली पण मला काय कळणार, पिना दिसल्या. क्रॉसची पिन बारीक गोल तारेची आहे, टोक जिथे अडकतं तिथे फिरणारं छोटं कडं आहे (आईच्या ब्रोचला असतं तसं) आणि बिजागरी नि आकडा दोन्ही एकाच पातळ पट्टीवर बसवलेत. काळ्या बॅजची पाठ पोकळ आहे, बिजागरीभोवती चकचकीत फुगीर थेंब आहे आणि तेवढ्यापुरता काळा रंग गेलाय.

फोटो चढत नाहीयेत म्हणून हे सगळं शब्दात. पाठ बघून खरंच साल कळतं का हो?

---

कोकणी_मेवा | शनिवार, रात्री ११:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जुनाट येतीलच आता.

---

जुनाट | शनिवार, रात्री ११:५५

आलो. 😄

ताई, पुढच्या गाळ्यावरचा म्हातारा बरोबर होता. पण "५७ चं आहे" याचा अर्थ लोक चुकीचा घेतात, म्हणून आधी ते सांगतो आणि मग पिनेकडे येतो.

१९४५ च्या नोव्हेंबरात दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेनं कायदा नं. ८ काढला, त्यात जर्मन लोकांना लष्करी गणवेश, चिन्हं, पदकं घालायला बंदी झाली. मग १९५५ मधे पश्चिम जर्मनीनं परत लष्कर उभं केलं, बुंडेसवेअर. १२ नोव्हेंबरला पहिल्या १०१ जणांना नेमणूकपत्रं दिली. अधिकारी बरेचसे जुन्या लष्करातलेच, दुसरे आणणार कुठून. आता या लोकांनी छातीवर लावायचं काय? जुन्या पदकांवर स्वस्तिक. म्हणून २६ जुलै १९५७ ला कायदा झाला की युद्धातली पदकं घालता येतील पण नाझी चिन्ह काढून. नाझी पक्षाची पदकं, ऑस्ट्रिया नि सुदेतनलँड घेतल्याबद्दलची पदकं वगैरे सरळ बाद. आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी १८१३ च्या मूळ क्रॉसवरची ओकची पानं आली, १९३९ मात्र तसंच राहिलं कारण पदक कुठल्या युद्धाचं ते त्यावरून कळतं. जर्मन क्रॉस नावाच्या दुसऱ्या पदकामधे (सोनेरीवाल्यात) मधल्या स्वस्तिकाऐवजी चिमुकला आयर्न क्रॉस टाकला.

म्हणजे १९३९ हे युद्धाचं साल आणि १९५७ हे कायद्याचं साल, तुमचा क्रॉस नक्की कधी बनला ते या दोन्हीतून कळत नाही. हे नमुने सरकारनं फुकट वाटले नाहीत, ज्याचा हक्क होता त्यानं स्वतः दुकानातून विकत घ्यायचे, त्यामुळे कारखाने मागणी असेपर्यंत बनवत राहिले, पुढे जुने सैनिक कमी झाले तर संग्राहक घ्यायला लागले. एकच नक्षी, दशकानुदशकं. समोरची बाजू जवळजवळ बदलत नाही, बदलते ती पाठ. म्हणून पिन.

उरलेलं उद्या, झोप आली.

---

निळी_शाई | रविवार, सकाळी ८:१५

माहिती चांगली आहे पण एक विचारू का, राग मानू नका. ही पदकं कोणाची होती, कुठल्या लष्कराची होती हे माहीत असून आपण पिन नि बिजागरी मोजत बसायचं हे मला जरा विचित्र वाटतं. आपल्याकडे हिटलरची पुस्तकं स्टेशनवर विकली जातात तेवढं पुरे नाही का.

---

जुनाट | रविवार, सकाळी ९:३०

राग कसला. प्रश्न योग्य आहे आणि जर्मनीत तो कायद्यातच आहे, फौजदारी कायद्याच्या कलम ८६ अ प्रमाणे स्वस्तिक जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, अभ्यास नि इतिहासाच्या कामासाठी सूट आहे तेवढीच. फ्लोमार्क्टला जुन्या बॅजांवर छोटे स्टिकर चिकटवलेले असतात ते त्यामुळेच, ताईंनी बघितले असतील.

मी स्वतः युद्धातला माल घेत नाही, ५७ पासूनचाच घेतो. मला त्यात इंटरेस्ट वाटतो तो याचा की हरलेल्या देशानं आपल्या लाजिरवाण्या भूतकाळातलं काय ठेवायचं आणि काय खरवडून टाकायचं हे एका कायद्यात लिहून काढलं, आणि मग कारखानदारांनी ते ठशावर कोरून दाखवलं. त्यावर तुम्ही टीका करू शकता, खुद्द जर्मनीत पण होते. पण पिन ओळखता यायला हवी याचं कारण वेगळंच आहे, बाजारातले बरेच "युद्धातले" क्रॉस ५७ च्या फ्रेममधे स्वस्तिकवाला नवा गाभा घालून केलेले असतात आणि ते महाग विकणाऱ्याचं फावतं ते आपल्या अज्ञानावर. पाठ वाचता आली की हा धंदा बसतो.

---

निळी_शाई | रविवार, सकाळी ९:४१

ओके. हा मुद्दा पटला, पूर्ण नाही पण पटला. वाचतेय.

---

जुनाट | रविवार, दुपारी १:२०

हं तर पिन.

युद्धातला प्रथम श्रेणीचा, म्हणजे ताईंच्यासारखा पिनवाला, आयर्न क्रॉस पालथा घाला. पाठ कोरी, कारण मजकूर सगळा समोर. बिजागरी वर, आकडा खाली, पिन उभी. आणि तीन तुकडे वेगवेगळे: बिजागरी वेगळी बसवलेली, आकडा वेगळा, पिन साधारण चपटी, टोकाकडे निमुळती होत गेलेली. पहिल्या महायुद्धातल्या काहींची पिन मधे फुगीर असते, संग्राहक तिला कोकची बाटली म्हणतात. काहींना पिनच नाही, मागे मळसूत्र आणि गोल चकती.

सुरुवातीच्या ५७ वाल्यांची पाठ बऱ्याचदा या युद्धातल्या पाठीसारखीच दिसते. कारण कारखाने तेच, कारागीर तेच, आणि ड्रॉवरमधे जुना माल पडलेला. ल्युडेनशाइडचं स्टाइनहाउअर उंड ल्यूक घ्या, युद्धात ते पदकं करायचे (त्यांचा नंबर ४), १९५१ मधे राष्ट्राध्यक्ष होयस यांनी बुंडेसफर्डीन्स्टक्रॉइत्स (पश्चिम जर्मनीचं सन्मानपदक) सुरू केला तो पण त्यांनी बनवला, आणि ५७ वाल्यात तर तेच मोठे. बिजागरी करणारा माणूस काही २६ जुलैला सकाळी उठून नवीन डिझाईन करत नाही ना.

पुढे पुढे मात्र तयार ब्रोच फिटिंग यायला लागलं. पट्टी, तिच्या एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला फिरत्या कड्याचा आकडा, गोल तारेची पिन, सगळं बाहेरून तयार आणायचं आणि एका झटक्यात डकवायचं. ताई तुमच्या क्रॉसला हेच आहे. आणि अजून पुढे बुंडेसवेअरच्या बॅजांवर दोन खिळे आणि मागून चिमटीत धरून काढायची टोपी, कॉलेजच्या बॅजला असते ती. ती टोपी अमेरिकन लष्करात दुसऱ्या महायुद्धात पसरली, जर्मन युद्धकाळातल्या बॅजवर दिसली तर विकणाऱ्याला नमस्कार करायचा आणि पुढे चालायचं.

---

अर्धवट_अभ्यासू | रविवार, दुपारी २:०५

म्हणजे सोप्पंय की. चपटी पिन म्हणजे १९५७ ते ६५, ब्रोच फिटिंग म्हणजे ७० च्या पुढे, टोपी म्हणजे ८०. मी एका ठिकाणी असा तक्ताच बघितलाय.

---

जुनाट | रविवार, दुपारी २:३०

तो तक्ता ज्यानं केला त्याला साष्टांग दंडवत. असं होत नाही हो. पिन मूळची असेल तर ती फक्त एक गोष्ट सांगते, "याच्या आधीचं नाही". "तेव्हाचंच आहे" असं ती कधीच सांगत नाही. जुनी पिन नव्या पदकावर बसू शकते (ड्रॉवरमधला साठा) आणि नवी पिन जुन्या पदकावर बसू शकते (दुरुस्ती). पहिल्यात पदक आहे त्यापेक्षा म्हातारं वाटतं, दुसऱ्यात तरुण. तक्त्यात या दोन्हीला रकाना नसतो.

---

हुपरीकर_सोनार | रविवार, रात्री ९:१०

दुकान बंद करून बसलो आणि धागा दिसला. मला जर्मन पदकातलं काही कळत नाही पण डाग देणं, म्हणजे धातूला धातू वितळवून जोडणं, हे आमचं पिढ्यान्पिढ्याचं काम आहे आणि हुपरीत चांदीला डाग देत नाही असं घर सापडणं अवघड. तेव्हा थोडं बोलतो.

ताई, पिन बघू नका. पिनेच्या मुळाशी बघा. जिथं धातू धातूला चिकटलाय तिथं.

पितळेला किंवा तांब्याला कडक टाका लावता येतो, चांदीचा टाका, टाकणखार लावून भट्टीवर. त्याला ६५०-७०० च्या आसपास डिग्री लागते, पितळ ९०० च्या घरात जाऊन वितळतं म्हणजे बिनधास्त. टाका पातळ पसरतो, सांध्यात आत शिरतो, बाहेर थेंब दिसत नाही. पण जस्ताला असं करता येत नाही. जस्त ४२० डिग्रीलाच पाणी होतं. चांदीचा टाका वितळायच्या आधी तुमचं पदकच वितळून बसेल, मग ठोका बोंब. जस्ताला फार फार तर कथलाचा मऊ डाग, तो १८३-२०० ला वाहतो, पण तो धरतो कच्चा आणि दिसतो फुगीर. नाहीतर मग डाग द्यायचाच नाही, पदकातच खाच पाडायची, बिजागरीचं बूड त्यात बसवायचं आणि कडा ठोकून दाबायच्या. हिरा कोंदणात बसवतो तसं.

माझा प्रश्न जुनाट दादांना, युद्धात जस्ताची पदकं होती का?

---

जुनाट | रविवार, रात्री ९:४८

काका!! तुम्ही न बघता सांगितलंत. होती. सुरुवातीला टोंबाक, म्हणजे भरपूर तांबं असलेलं पितळ, पण तांबं तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांना लागायला लागलं तसे १९४२ च्या सुमारास कारखाने जस्ताकडे वळले. आणि तुम्ही म्हणताय तशाच खाचेत दाबून बसवलेल्या बिजागऱ्या त्या जस्ताच्या बॅजांवर मिळतात. आम्ही इतकी वर्षं "दाबलेली बिजागरी म्हणजे युद्धाचा उत्तरार्ध" असं पाठ करून बसलोय पण का ते कुणी सांगितलं नव्हतं. जस्त डागाला टिकत नाही म्हणून!

आणि याचंच उलट: ५७ नंतर तांब्याची टंचाई नाही, माल परत पितळ-टोंबाकवर आला, बिजागऱ्या परत डागून बसायला लागल्या. म्हणजे धातू आणि सांधा जोडीनं बघायचे. करड्या जस्तावर दाबलेली बिजागरी असेल तर दोघांची कुंडली जुळते. पितळी अंगावर तयार ब्रोच पट्टी, तरी जुळते. पण युद्धातल्या जस्ताच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅजवर मऊ डागाचा ढेकळा असेल तर दुरुस्ती नाहीतर बनावट असल्याचा संशय घ्यायचा.

---

हुपरीकर_सोनार | रविवार, रात्री १०:१५

मग ताईंच्या काळ्या बॅजची गोष्ट मला वाटतं कळली. चकचकीत फुगीर थेंब, आजूबाजूचा रंग जळालेला. कारखान्यात आधी डाग देतात, मग रंग. रंग दिल्यावर डाग दिला की रंग जळतो. म्हणजे ती बिजागरी कुणीतरी नंतर बसवलीय. घड्याळजी असेल नाहीतर गल्लीतला सोनार, म्हणजे तिकडचा सोनार.

आणि अजून एक, जुनाट दादा फिरत्या कड्याला नवं म्हणतायत. दागिन्यात ते फार जुनं आहे हो, युद्धाच्या आधीच्या ब्रोचला पण बघितलंय मी. तेव्हा कड्यावरून साल काढू नका. पदकवाल्यांनी ते कधी उचललं तो वेगळा हिशोब.

---

जुनाट | रविवार, रात्री १०:२२

मान्य. हजारदा मान्य. माझ्या बोलण्यात तो फरक करायचा राहिला.

---

गावकुसाबाहेर | सोमवार, रात्री ११:३०

बाप रे केवढं. ऑफिसातून आल्या आल्या लुपं (इकडे भिंगाला लुपं म्हणतात, आमच्या शेजारी घड्याळवाल्या आजोबांकडून मागून आणलं) घेऊन बसले आणि फ्रिजवरचं चुंबक पण काढलं. रिपोर्ट:

क्रॉस: चुंबक अजिबात लागत नाही, ना मधल्या काळ्या भागाला ना कडेला. फक्त पिनेला जरासं ओढतं. बाजूनं बघितलं तर कड नि मधला भाग यांच्यामधे सांधा दिसत नाही, एकाच तुकड्यातून ठोकल्यासारखं वाटतं. पिनेच्या मागे कुठलाही नंबर नाही.

काळा बॅज: चुंबक लागतं!! पाठ पोकळ. बिजागरीखाली काकांनी सांगितलं तसं, थेंबाच्या कडेला रंगाला फोड आलेत. आकडा मात्र वेगळा दिसतोय, त्याच्याभोवती रंग सलग आहे, आकड्यावर पण काळा रंग आहे.

रिबन पट्टी: मागे पत्र्याची पट्टी, आडवी पिन. मुलाच्या खोट्या नोटा ओळखायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरली तर पांढरी रेघ निळी चमकली.

---

कोकणी_मेवा | सोमवार, रात्री ११:३४

मुलाकडे खोट्या नोटा ओळखायचा टॉर्च का आहे 🤔

---

गावकुसाबाहेर | सोमवार, रात्री ११:३६

विंचू शोधायला. शाळेत कुणीतरी सांगितलं विंचू चमकतात. इकडे आहेत कुठे विंचू पण असो.

---

जुनाट | मंगळवार, सकाळी ७:५०

उत्तम रिपोर्ट, असा रिपोर्ट पंधरा वर्षं गोळा करणारे लोक देत नाहीत.

क्रॉस: मूळ पद्धत तीन भागांची, लोखंडी काळा गाभा आणि त्याला दोन बाजूंनी धरणाऱ्या चंदेरी फ्रेमा, म्हणून तर आयर्न क्रॉस. युद्धातल्या बहुतेकांना चुंबक लागतं आणि सुरुवातीच्या ५७ वाल्यांना पण, ते पण तीन भागांचेच. पुढे खर्च कमी करायला एका तुकड्यात ठोकून मधे काळा रंग, कडेला चंदेरी मुलामा. तुमचा हा दुसऱ्या प्रकारचा आणि पाठीला तयार ब्रोच पट्टी. दोन्ही साक्षीदार एकच सांगतायत, हा उशिराचा. किती उशिराचा? मी साल सांगणार नाही. १९५७ च्या पहिल्या लाटेतला नाही, इथपर्यंत हात वर करून सांगतो. कुणाला तरी आधीचा हरवला असेल, झिजला असेल, आणि मेळाव्याला जायचं म्हणून त्यानं दुकानातून नवीन घेतला असेल. असले खूप असतात.

काळा बॅज म्हणजे जखमी झाल्याचा बॅज. काळा एक-दोन जखमांना, चंदेरी तीन-चार, सोनेरी पाच नि पुढे. आता इथे एक खड्डा आहे. स्वस्तिक नसलेला जखमी बॅज दोन काळात मिळतो, १९१८ चा आणि ५७ चा. ताई हेल्मेट नीट बघा, कानाच्या वर दोन शिंगासारखे खुंटे आहेत का? १९१८ वाल्याचं हेल्मेट पहिल्या महायुद्धातलं, त्याला ते खुंटे असतात आणि कड खाली खोल उतरते. ५७ वाल्याचं हेल्मेट नंतरचं, आटोपशीर.

---

गावकुसाबाहेर | मंगळवार, रात्री ९:०५

आहेत!!! दोन्ही बाजूला खुंटे आहेत. म्हणजे हा पहिल्या महायुद्धातला?? आणि क्रॉस ५७ नंतरचा? एकाच डब्यात? दोन माणसं असतील का?

---

जुनाट | मंगळवार, रात्री ९:४०

असतील. किंवा एकच. १९१८ ला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या युद्धात चाळिशीचा असतो, दोन्ही युद्धं बघितलेले पुष्कळ होते. डबा काही बोलणार नाही, आपण पण जास्त बोलायला नको.

पण बघा, इथे पिनेनं कसं फसवलं असतं. पत्र्याचा पोकळ, चुंबक लागणारा काळा बॅज, मागे मऊ डागानं लावलेली नवी बिजागरी. फक्त बिजागरी बघून मी "५७ नंतरचं" म्हणून मोकळा झालो असतो. हेल्मेटनं वाचवलं. आणि आकडा मूळ आहे कारण त्याच्यावरचा रंग सलग आहे, हे तुम्हीच शोधलंत. बिजागरी तुटते, आकडा टिकतो, कारण हलते ती बिजागरी.

---

हुपरीकर_सोनार | मंगळवार, रात्री १०:००

बरोबर. आमच्याकडे पण दुरुस्तीला येतात त्यात दहातले आठ फिरकी नि बिजागरीचे. आणि पत्र्यावर ती कारखान्यानं कशी बसवली असेल तरी पिन रोज वरखाली केली की सांधा कधीतरी सुटतोच.

---

अर्धवट_अभ्यासू | बुधवार, सकाळी १०:१०

मग शिक्के कशाला असतात? पिनेवर नंबर असतो ना, त्यावरून कारखाना आणि काळ कळतो की. एल तिरकी रेघ अमुक वगैरे.

---

जुनाट | बुधवार, दुपारी १२:४५

नंबर दोन प्रकारचे. एक सरकारी पुरवठ्याचा नुसता अंक, दुसरा एल लावून किरकोळ विक्रीचा, तो १९४१ मधे कारखानदारांची संघटना झाली तेव्हापासून. स्टाइनहाउअरचा ४ आणि एल/१६, व्हिएन्नाच्या सूव्हालचा ९८ आणि एल/५८. मिळाला तर चांगलंच. पण आयर्न क्रॉसवर तो बऱ्याचदा पिनेच्या पोटाला मारलेला असतो. आता विचार करा, पिन बदलली की नंबर पण बदलला. कुणी तुटक्या युद्धकालीन क्रॉसची पिन काढून ५७ वाल्याला लावली की झाला "युद्धकालीन, शिक्क्यासह". गाडीची नंबरप्लेट बदलण्यातला प्रकार. म्हणून शिक्का वाचायच्या आधी काकांचा नियम: पिनेच्या मुळाशी बघा.

१९४५ ते ५७ चा मधला काळ तर आणखीनच घोळाचा. घालायला बंदी, पण उरलेले सुटे भाग जोडून अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून विकले गेले. भाग अस्सल, जोडणी नंतरची. याला काय म्हणायचं त्यावर लोकांची भांडणं संपत नाहीत.

---

पोलादी_पोपट | बुधवार, रात्री ८:३०

सूव्हाल नाव वाचून थांबलो. आझाद हिंदची पदकं त्यांनीच केलेली ना? सुभाषबाबू जर्मनीत असताना १९४२ मधे जी काढली, शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद वगैरे. आपल्याकडे लिलावात कधीकधी येतात आणि किमती डोळे फिरवणाऱ्या असतात.

---

जुनाट | बुधवार, रात्री ९:१५

हो, व्हिएन्नाचे रुडॉल्फ सूव्हाल. क्योनिग्सब्र्युकला जी हिंदी पलटण उभी राहिली, ९५० क्रमांकाची रेजिमेंट, तिच्यासाठीची ही पदकं, तलवारी असलेली लढाईतल्या कामगिरीला आणि बिनतलवारीची इतर. आणि अडचण नेमकी या धाग्याचीच आहे. सूव्हालनं युद्धानंतरही जुन्या ठशांवरून माल काढला. ठसा तोच म्हणजे समोरची नक्षी हुबेहूब. मग नेताजींच्या काळातलं कुठलं आणि नंतर संग्राहकांसाठी ठोकलेलं कुठलं हे समोरून कळणं कठीण. छातीवर लावायच्या ताऱ्याची पाठ, डाग, धातू, मुलामा हेच बघावं लागतं, आणि तिथे पण "याच्या आधीचं नाही" एवढंच. आपल्या लोकांनी भावनेच्या भरात लाखो घालवायच्या आधी पालथं करून बघावं एवढीच कळकळ.

---

निळी_शाई | बुधवार, रात्री ९:३२

हे वाचून मात्र माझं मत बरंचसं बदललं. पूर्व जर्मनीचं काय? तिकडे पण हे ५७ वाले होते का?

---

जुनाट | बुधवार, रात्री १०:०५

नाही. पूर्वेला आयर्न क्रॉस वगैरे घालायचं नावच नव्हतं. त्यांनी स्वतःची पदकं काढली, त्यांचं लष्कर १ मार्च १९५६ ला उभं राहिलं. तिकडच्या पाठी वेगळ्याच, बॅजना बऱ्याचदा मळसूत्र आणि चकती, रशियन पद्धत, त्यांच्या रेड स्टारला असतं तसं. पदकांना रिबन गुंडाळलेली पट्टी आणि मागे आडवी पिन. काळ काढायला तिथे धातू जास्त उपयोगी, सुरुवातीच्या काही पदकांवर चांदीचा ९०० चा शिक्का मिळतो, नंतर हलके मिश्रधातू. त्याचा वेगळा धागा होईल.

ताई तुमची रिबन राहिली. पांढरी रेघ निळी चमकते म्हणजे कपडे उजळ दिसावेत म्हणून जी रसायनं घालतात ती त्यात आहेत. युद्धानंतर ती साबणाच्या पावडरीत सर्रास आली. त्यामुळे रिबन नंतरची असू शकते, किंवा जुनी रिबन कुणीतरी नंतर धुतली असू शकते. पट्टीवर चिमुकला क्रॉस आहे म्हणालात, त्यात पानं की स्वस्तिक?

---

गावकुसाबाहेर | गुरुवार, रात्री १०:२०

पानं आहेत, भिंगातून दिसली. म्हणजे ५७ नंतरची असं धरते, धुतली-बिधुतली असली तरी.

आज परत त्या माणसाला फोन केला, नंबर पावतीवर होता. म्हटलं घर कुणाचं होतं. तो म्हणाला नाव सांगणार नाही पण आजी नव्वदीच्या होत्या, डबा त्यांच्या वडिलांचा. बस एवढंच. म्हणजे वडील १९०० च्या आसपास जन्मलेले असतील, जुनाट दादांचा अंदाज बसतो, पण मी यापुढे काही जोडत नाही.

क्रॉस उशिराचा आणि स्वस्त, आणि ज्याला मी फालतू काळा पत्रा समजले तोच जुना. डबा मात्र खरंच छान आहे, त्यात आता सुया-दोरा ठेवलाय आणि ही तिघं वेगळ्या कागदात.

---

हुपरीकर_सोनार | गुरुवार, रात्री १०:४५

कागदात ठेवलं चांगलं केलंत, वर्तमानपत्र नको, साधा पांढरा कागद. आणि एक हात जोडून विनंती, काही घासू नका, पुसू नका, ब्रश नको, पॉलिश नको. तो थेंब, तो जळका रंग, तो काळसरपणा हाच तुमचा पुरावा आहे. एकदा चकचकीत केलं की आम्ही पण काही सांगू शकत नाही.

---

गावकुसाबाहेर | गुरुवार, रात्री १०:५१

काका… रविवारी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं चिंच लाव, लखलखेल. क्रॉसच्या मागच्या पट्टीच्या एका कोपऱ्याला लावली होती. फक्त एका.

---

हुपरीकर_सोनार | गुरुवार, रात्री १०:५३

त्या कोपऱ्यावर पिवळं निघालं का लाल?

---

गावकुसाबाहेर | गुरुवार, रात्री १०:५८

पिवळं. अगदी देवाच्या समईसारखं.

---

हुपरीकर_सोनार | गुरुवार, रात्री ११:०१

मग पट्टी पितळी आहे, वर निकेल नाहीतर चांदीचा पातळ मुलामा होता तो गेला. ठीक आहे, कोपरा गेला पण माहिती मिळाली. आता साध्या पाण्यानं तेवढाच भाग धुवा, चिंचेचा आंबटपणा राहिला तर हिरवं धरेल. मऊ कापडानं टिपा, घासू नका. आणि सासूबाईंना समई दाखवा, क्रॉस दाखवू नका.